फुंकणीवाले काका

काकांना कुठलीही वस्तू हाताशी आली की आधी वाजवून बघायची खोड होती. फणस काय, सगळेच वाजवून बघतात. काका तांब्या वाजवत, दाराची चौकट वाजवत, एसटीत चढले की दांडा वाजवत. पोलादपूरच्या स्टँडवर नवा वाहतूक नियंत्रक आला, तेव्हा त्याच्या टेबलावर टिचकी मारून ते 'पोकळ हाय' म्हणाले आणि निघून आले. टेबलाबद्दल म्हणाले की आपल्याबद्दल, हे त्या बिचाऱ्याला बदली होईपर्यंत कळलं नाही.

काका जाऊन आता दोन पावसाळे झाले. मी त्यांची भाडेकरू होते, दोन वर्षांहून थोडी जास्त. महाडच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर गणित शिकवायचे. महाडात एकट्या मुलीला खोली देताना घरमालक जेवढे प्रश्न विचारत, तेवढे पीएच.डी.च्या प्रवेशालाही मला कोणी विचारले नव्हते. कंटाळून मी पोलादपूरला आले. आंबेनळीकडे चढणाऱ्या रस्त्याला, बाजार संपल्यावर तिसऱ्या वळणावर काकांचं घर होतं. पुढे पडवी, मागे चुलीचं स्वयंपाकघर, बाजूला भाताचं खाचर.

"शिकवता ते कळलं," काका म्हणाले. "आनि शिकता काय?"

एरवी मी नुसतं 'गणित' म्हणून सुटायचे. त्या दिवशी चार घरं हिंडून वैतागले होते, म्हणून आख्खं नाव सांगितलं: सच्छिद्र पदार्थांतील उष्माध्वनिक परिणामांचे गणिती प्रतिमान. हे ऐकलं की माणसं साधारणपणे चहा घेणार का, असं विचारतात.

"म्हंजे काय वो?"

"दगडासारखी वस्तू, आत बारीक बारीक भोकं. तिची एक बाजू तापवली आणि दुसरी गार ठेवली, तर भोकांतली हवा हलायला लागते आणि आवाज निघतो. किती तापवल्यावर निघेल, ते आधी गणितानं सांगायचं."

काका उठून आत गेले. भांडी पडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते हातभर लांबीची लोखंडी नळी घेऊन. एक तोंड बंद, आत जांभ्या दगडाचा गोल तुकडा ठोकून बसवलेला. नळीला बाहेरून अर्ध्या भागावर ओलं फडकं गुंडाळलं, उरलेला भाग स्टोव्हच्या जाळावर धरला आणि मला म्हणाले, "गप बसा."

पाचसात मिनिटं काहीच झालं नाही. मग नळी एकदम घुमायला लागली. पडवीतली काच थरथरली, कोंबड्या ओरडत खाचरात पळाल्या, आणि माझ्या अंगावर काटा आला. तीन वर्षं मी ह्या आवाजाचं गणित करत होते. आवाज मात्र त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"ह्याचं गनित हाय?" काकांनी विचारलं.

"आहे."

"मंग खोली तुमची. मागची नको, पुढची घ्या. उजेड हाय."

आतून काकींचा आवाज आला, "झालं! आतापत्तूर घरात येक होता, आता दोन झाले."

काका मुंबईत एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलरवर होते. एकदा तिथला धुराचा नळ असाच घुमायला लागला. सगळे जीव घेऊन बाहेर पळाले, आणि हे नळाला कान लावायला पुढे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिनिअरसाहेबांना विचारलं, का वाजला? साहेब म्हणाले, तुझं काम वाफ बघायचं. काका वाफ बघत राहिले, पण प्रश्न काही त्यांनी सोडला नाही. निवृत्त होऊन गावी आले ते नळ्या घेऊनच. वाडीतल्या लोकांनी त्या नळीचं नाव फुंकणी ठेवलं आणि काका फुंकणीवाले झाले. नावाचं त्यांना काहीच वाटत नसे. फुंकणीशिवाय कुणाची चूल पेटते, असं ते विचारत.

जांभ्याचे तुकडे मिळवायची त्यांची रीत वेगळीच होती. रत्नागिरीकडून जांभ्याच्या चिऱ्यांचे ट्रक कशेडी घाटातून येत आणि हायवेवर चहाला थांबत. काका तिथे उभे. "फुटका हाय का रे?" असं प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे. घाटात दरड आली की इतरांचा जीव टांगणीला लागे. काका मात्र किटली आणि टिकाव घेऊन निघत. अडकलेल्या ट्रकवाल्यांना चहा पाजायचा आणि निवांत दगड निवडायचे. प्रत्येक चिरा वाजवायचा, डोळ्याशी धरायचा, भोकांतून फुंकर मारून बघायची. ड्रायव्हर लोक त्यांना वेडा समजत, पण चांगला चिरा मिळाला तर बाजूला काढूनही ठेवत.

माझी समीकरणं बघून पहिल्यांदा ते म्हणाले, "हे सगले किडे कशाला?" मग रोज जेवणानंतर मी त्यांना समीकरणं मराठीत वाचून दाखवायची, असा शिरस्ता पडला. हवेचा दाब इतका बदलला की तिचं तापमान इतकं बदलतं, भोकाच्या भिंतीपासून हवा इतकी लांब असेल तर उष्णता पोचायला इतका वेळ लागतो. काका डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करत.

"भोक केवढं धरलंत?"

"सरासरी धरलंय. सगळी भोकं सारखी मानायची."

"सरासरी भोक कंच्या दगडात असतं, दाखवा मला."

हसून ते मला उडवून लावत, पण रात्रभर मला झोप येत नसे. सरासरी सोडून मी लहानमोठी भोकं वेगवेगळी धरायला शिकले ती त्यांच्यामुळे. आणि आज वर्गात मी हा विषय जसा समजावते, ती रीतही त्यांचीच. "वारा चाकरमान्यासारका हाय," ते सांगायचे. "मुंबैला गेला का तापतो, फुगतो. गावाला आला का गार होतो, आकसतो. मंग परत जातो. येका सेकंदात शंबर खेपा. त्या खेपांचाच आवाज." माझ्या मार्गदर्शकांनी हेच सांगायला तीन लेख वाचायला दिले होते.

कामाची वाटणी आपोआप झाली. मी दिवसभर महाडात तास घ्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीने यायचे. काका दुपारी, घर शांत असताना, नळी लावायचे. दगडाच्या दोन टोकांना दोन तारा आणि तापमानाचे आकडे दाखवणारी एक डबी मी आणून दिली होती. नळी बोलली, की त्या क्षणी दोन टोकांत किती अंशांचा फरक आहे, तो आकडा काका वहीत लिहायचे. एक दगड एकदाच वापरायचा, हा त्यांचा नियम. एकदा भाजलेला दगड खरं बोलत नाही, म्हणायचे. मार्गदर्शकांना मी कळवलं होतं की प्रयोग 'स्थानिक तंत्रज्ञांच्या साहाय्याने' चालू आहेत. मी स्वतः नळीजवळ कधी बसले नाही. वेळ नव्हता हे खरं, पण त्याहून खरं हे की मला कागद बरा वाटायचा. तो तापत नाही आणि ओरडत नाही.

फेब्रुवारी ते मे, आकडे सुरेख आले. माझं सूत्र सांगायचं दोनशेच्या आसपास आणि नळी बोलायची दोनशेच्या आसपास. सूत्राने काढलेल्या आकड्यांचा तक्ता मी अभिमानाने पडवीच्या भिंतीवर चिकटवला. मार्गदर्शक म्हणाले, छान, आता वेगळ्या ऋतूतलीही रीडिंगं जोडा, म्हणजे प्रबंध पक्का. विद्यापीठाने दिलेली माझी शेवटची मुदतवाढ ऑगस्टअखेर संपत होती. ती चुकली असती तर नोंदणी रद्द, चार वर्षं पाण्यात, आणि कायम नोकरीची आशाही सोडायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काकी तर देवाला सांगताना महिन्याचं नाव घेऊन सांगत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काकींनी पावसाळ्याची आवराआवर केली. आमच्याकडे घाटावर हे मी एवढं पाहिलं नव्हतं. बियाणं, सुकट, कांदे, पापडांचे डबे, सगळं चुलीवरच्या माळ्यात चढवलं. दगडांची गोणीही तिथेच गेली, कारण ती दर वर्षी तिथेच जायची. मग काकी मुलीच्या बाळंतपणाला भांडुपला गेल्या.

जुलैत आकडे बिघडले. नळी दीडशेलाच बोलली. मग एकशे चाळीसला. मग पुन्हा दीडशेला. भिंतीवरचा तक्ता एकीकडे आणि काकांची वही दुसरीकडे. आधी मला डबीचा संशय आला. ती मी कॉलेजात नेऊन, तारा उकळत्या पाण्यात धरून तपासली, चोख होती. मग सूत्र तपासलं. तिथेही चूक नव्हती. मग उरले काका. घरात बाई नाही, माणूस एकटा, दोन वेळ पिठलं-भात खातो, दुपारी डोळा लागत असेल आणि उठल्यावर अंदाजाने आकडा टाकत असेल. हे सगळं मी मनात ठरवून टाकलं.

एका शनिवारी मी ते बोलून दाखवलं. अगदी सभ्य शब्दांत बोलले, त्याची मला आज जास्त लाज वाटते.

"काका, ही रीडिंगं तुम्ही... म्हणजे, समोर बसूनच घेता ना?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे?"

"नाही, आकडे शक्यच नाहीत असे येतायत. गणितात बसत नाहीत. असे आकडे मी पाठवले तर माझा प्रबंध गेला."

"नली वाजली तवा डबीत जो आकडा होता त्यो लिवला."

"मग पुन्हा एकदा घ्या. नीट लक्ष देऊन घ्या."

'नीट लक्ष देऊन' हे शब्द मी वापरले. तीस वर्षं बॉयलरच्या काट्यावर नजर ठेवलेल्या माणसाला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यांच्या शेजारी एक तास बसले असते तर सगळा प्रश्न सुटला असता. पण सोमवारी पेपर तपासून द्यायचे होते, मी ते घेऊन बसले. काकांनी वही मिटली आणि खाचराकडे निघून गेले. त्या रात्री समीकरणांचं वाचन झालं नाही.

पुढच्या आठवड्यात आकडे सुधारले. एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे चार, दोनशे एक. दोन आठवड्यांत चौदा रीडिंगं, सगळी तक्त्याला धरून. माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला. मी महाडहून पेढे आणले, काकांच्या पाया पडले, आणि मनात म्हटलं, बघा, जरा बोललं की माणसं नीट काम करतात. काकांनी अर्धा पेढा खाल्ला. जुने, बिघडलेले आकडे मी गाळले, नवे मार्गदर्शकांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: उत्तम, बांधणीला द्या.

श्रावण लागला आणि काकी परत आल्या. पिशवी टेकवायच्या आधीच त्यांनी नाक वर करून वास घेतला. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन माळ्यात हात घातला. कांद्यांना हातहात कोंब आले होते. सुकटीवर बुरशी, पापड मऊ.

"अवो, चूल पेटवली नाय का तुमी?"

"येकट्याला कशाला चूल?" काका म्हणाले. "ग्यास हाय की."

"दोन महिने चूल नाय? आनि मी सगलं तिच्या भरवशावर वर ठेवलंय! ही बगा, ही बगा तुमची गोनी. दगडांना कोंब फुटायचे तेवडे रायलेत."

त्यांनी गोणी खाली ओढली. एक तुकडा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी उचलला. हाताला गार लागला, आणि नेहमीपेक्षा जड. रंग काळपट लाल. भोकाभोकांत पाणी.

मला सगळं एका दमात कळलं. मेपर्यंत दगड कोरडे होते. दर पावसाळ्यात काकींच्या चुलीची धग आणि धूर त्यांना कोरडं ठेवायचा. ह्या वर्षी चूल विझलेली, म्हणून दगड पाणी प्यायले होते. भोकातलं पाणी गरम टोकाला वाफ होतं, गार टोकाला पुन्हा पाणी होतं, आणि ह्या येण्याजाण्यात हवेला जादा जोर देतं. मग नळी कमी तापावर बोलणारच! माझ्या सूत्रात हवा होती, दगड होता, उष्णता होती. पाणी नव्हतं. कोकणात राहून मी पाणी विसरले होते.

"काका!" मी ओरडलेच. "तुमची आधीची रीडिंगं खरी होती! दीडशेची, एकशे चाळीसची, सगळी खरी!"

काकांनी कांदे पुढ्यात ओढले. कांद्याचे कोंब खुडत बसले.

आणि मग मला पुढचं सुचलं. चूल तर आजपर्यंत बंदच होती. दगड तेव्हाही ओलेच होते. मग दोनशे चार, दोनशे एक?

"काका, नंतरची चौदा?"

"ती मी लिवली."

"म्हणजे?"

"भित्तीवर तुमचा कागद हाय. त्यातनं लिवली. दोन हिकडं, चार तिकडं, खरी वाटाया पायजेत म्हनून." कोंब खुडणं थांबलं नव्हतं. "बाई, तुमची मुदत सपत आली होती. मी खरं लिवलं तवा तुमी मला खोटा म्हनलात. खोटं लिवलं तवा पेढे आनलेत. मी काय करनार?"

काकींनी पापडांचा डबा खाली ठेवला. "ह्यांनी खोटं लिवलं?" त्या मलाच विचारत होत्या. "बाय, कंपनीत ह्यांचा सायेब म्हनला व्हता, काटा बिगाडलाय तर कालचाच आकडा लिव. ह्यांनी नाय लिवला. बडती गेली, पन नाय लिवला. आनि आता ह्या वयाला..." पदर तोंडाला लावून त्या चुलीकडे वळल्या आणि लाकडं मांडायला लागल्या.

मी त्या माणसाला आधी खोटारडा ठरवलं आणि मग खरोखरच खोटं लिहायला लावलं. माझ्या पदवीसाठी त्यांनी आयुष्यात एकदाही जी गोष्ट केली नव्हती ती केली, आणि मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्या दिवशी मी त्यांच्यासमोर रडले. माफी मागितली. "जाऊ द्या," एवढंच ते म्हणाले. पण नंतर बरेच दिवस त्यांनी काही वाजवून बघितलं नाही, आणि ते मला रागावण्यापेक्षा वाईट वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकांना फोन करून चौदाही रीडिंगं मागे घेतली. का, ते सांगितलं. ते अर्धा तास बोलले; त्यातला एकही शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. ऑगस्ट गेला. नोंदणी रद्द होण्याच्या काठावर सहा महिने लोंबकळत राहिली. अर्ज, विनंत्या, विद्यापीठाचे जिने. शेवटी एक वर्ष मिळालं, तेही 'अपवादात्मक बाब म्हणून'. ह्या वर्षात मी सूत्रात पाणी घातलं. काका पुन्हा डोळे मिटून ऐकायला लागले. "आता दगडाला घाम आला," एकदा म्हणाले, तेव्हा मला हायसं वाटलं.

पुढच्या जुलैत काकींनी दोन गोण्या केल्या. एक पेटत्या चुलीवरच्या माळ्यात, एक पडवीच्या पागोळ्यांजवळ. काकांनी नळी लावली, डबी माझ्यापुढे ठेवली आणि पेनाला हात लावायला साफ नकार दिला. मी जमिनीवर बसले. चुलीवरचे दगड दोनशेच्या आसपास बोलले, पागोळ्यांतले दीडशेच्या आसपास, माझ्या नव्या सूत्राने सांगितलं होतं तसेच. रोज, ओळीने. चौथ्या दिवशी एक ओला दगड एकशे अठराला बोलला.

सूत्राला हा आकडा मान्य नव्हता. मी पेन धरून बसले. नळी घुमत होती. तार सरकली असेल. दगडाला चीर असेल. एवढा एक सोडला तर कुणाचं काय बिघडणार होतं? खोटं सांगत नाही, हे सगळं त्या दोनचार क्षणांत माझ्या डोक्यातून गेलं. काका माझ्याकडे बघत होते. मी एकशे अठरा लिहिलं.

तोंडी परीक्षेच्या दोन महिने आधी काका गेले. ताप आला, महाडला नेलं, चार दिवसांत संपलं. मी परीक्षेला गेले तेव्हा काकींनी हातावर दही ठेवलं.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे आणि बारकाईने वाचणारे होते. ओल्या दगडांच्या आलेखावर ते बराच वेळ थांबले. सगळे ठिपके रेषेला धरून होते. एकच खाली, बाजूला, एकटा पडलेला.

"हा कशामुळे?"

"माहीत नाही, सर. दगड फोडून बघितला, कारण सापडलं नाही."

"मग गाळायचा होता. एवढा गाळला असता तर आलेख किती देखणा दिसला असता."

"हो, सर," मी म्हणाले. "पण नळी तिथे वाजली होती."